वाशिष्ठी ते दाभोळ खाडी: पाण्याच्या नोंदी, जानेवारी ते जून २०२४

१३ जानेवारी २०२४, शनिवार

काम कशासाठी ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटलो तर परत येता येईल.

चिपळूणची वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीत मासे मेले की फोटो फिरतात. मग कोणीतरी येऊन नमुने नेतं. अहवाल हातात पडतो तेव्हा बहुतेक वेळा पाणी ‘मर्यादेत’ असतं. भोईवाडीतली माणसं म्हणतात मासा मेला, कागद म्हणतो पाणी ठीक आहे. दोघंही खरं सांगत असतील तर मधे काहीतरी निसटतंय. ते काय, एवढंच शोधायचं आहे.

माणसं थोडी आहेत. मी, ज्याची सगळी नोकरी रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी, ज्यांना प्रकल्पाचे गुण हवेत आणि पाण्यात उतरायची हौसही आहे. आणि होडीवाले दादा, ज्यांना गुणही नकोत नि हौसही नाही, पण खाडीतला गाळ कुठे सरकला ते तेच सांगू शकतात.

ठिकाणं वरून खाली अशी: कोळकेवाडीचं अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी, जिथे बाहेर पडतं तिथलं पात्र, खेर्डीची बाजू, बहादूरशेख नाक्याचा पूल, शिव नदी वाशिष्ठीला मिळते ती जागा, गोवळकोटचा धक्का, करंबवणे आणि शेवटी दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा मार्ग. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत.

२१ जानेवारी, रविवार

आज नुसती साधनं. पीएच मीटर ४, ७ आणि ९.१८ च्या बफरवर लावून घेतला. वाहकतेचा मीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर १४१३ दाखवतोय का ते पाहिलं. ऑक्सिजनचा मीटर मात्र आपल्याला परवडणारा नाही, आणि परवडला असता तरी खाडीच्या गाळात त्याचं पातळ पटल किती टिकलं असतं याची शंका आहे. त्यामुळे विंकलर, म्हणजे बाटलीत रसायनं घालून ऑक्सिजन मोजायचं तंत्र. जुनं, संथ आणि भरवशाचं.

मुलांना समजावं म्हणून: ३०० मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता भरायची. तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. ऑक्सिजन नसेलच तर साका पांढरा राहतो. मग आम्ल, थायोसल्फेट, स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. आकडा नंतर निघतो, पण रंग होडीतच दिसतो. होडीवाल्यालाही दिसतो, याला मी फार किंमत देतो.

२८ अंशाला गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ७.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४. म्हणजे खारं पाणी मुळातच कमी श्वास घेऊन येतं. खाडीचा आकडा वाचताना क्षारता शेजारी लिहिलेली नसेल तर तो वाचू नये.

एक ठरवून टाकलं. मोजलेले आकडे या नोंदींत टाकायचे नाहीत. ते वहीत राहतील आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जोडनमुने तपासून झाल्यावरच बाहेर येतील. घरगुती चाचणीचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर सुटला की त्याला आवरणारा कोणी नसतो.

४ फेब्रुवारी, रविवार

वर, कोळकेवाडीच्या खाली. पाणी थंड, स्वच्छ, साका गडद तपकिरी. पोरं म्हणाली, इथे मोजायला काय आहे? खरं तर सगळ्यात मोठी ढवळाढवळ इथेच आहे.

कोकणातली नदी फेब्रुवारीत कोंडींपुरती उरते. शास्त्री बघा, सावित्री बघा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जांभ्यातून, कातळावरून, उतारावरून चार महिन्यांत समुद्राला मिळतो. वाशिष्ठी मात्र बारमाही वाहते, कारण तिच्यात घाटावरचं पाणी आहे. कोयना धरणाचं, म्हणजे खरं तर कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला येतं, पोफळी आणि चौथ्या टप्प्याची जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीच्या जलाशयात साठतं, तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं या वळवण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे.

हे किती, याचा हिशेब पोरांकडून करून घेतला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. ६७.५ टीएमसीचे झाले १९१ कोटी घनमीटर. वर्षाच्या सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ६० घनमीटर, म्हणजे साठ हजार लिटर. शेजारी दुसरा हिशेब: दिवसाला दहा लाख लिटर सांडपाणी सोडलं तर ते सेकंदाला साडेअकरा लिटर होतं. खालच्या बाजूला कोणी काय सोडतं ते कागदावर इतकं सौम्य का दिसतं, त्याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण साठ हजार ही सरासरी. जनित्रं सरासरीनं चालत नाहीत. विजेची मागणी चढली की पाणी येतं, उतरली की थांबतं. पुलाखाली खांबावर खडूनं रेघा मारून बघत बसलो, तर दुपारी एक रेघ उघडी आणि रात्री तीच पाण्याखाली. पाऊस नाही, भरती इथवर येत नाही. राज्याचे पंखे आणि पंप कधी सुरू होतात त्यावर आमच्या नदीची पातळी ठरते.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज गाव. लोकांना हा भाग ऐकायला आवडणार नाही.

चिपळुणात पाण्याचा विषय निघाला की बोट लोट्याकडे जातं. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळातून करंबवण्याजवळ खाडीत सोडलं जातं, त्यावरून भोई समाजानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत, आणि ती उगाच केलेली नाहीत. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१८ ची यादी काढून वाचा. देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. त्यात वाशिष्ठीचा जो पट्टा आहे तो खेर्डी ते दळवटणे. लोट्याच्या नळाच्या कितीतरी वर. तिथे खेर्डी-खडपोलीकडचे उद्योग आहेत आणि आपण आहोत. आपली गटारं, आपले सेप्टिक टँक, आपला बाजार.

शिव नदीच्या तोंडाशी, नाल्याच्या बाजूला बाटली भरली. साका पांढरा. एका मुलीला वाटलं रसायन बिघडलंय. तीच रसायनं घेऊन पुलाखाली गेलो, तिथे तपकिरी. तेव्हा तिचा विश्वास बसला.

जंतूंसाठी आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइडच्या कुप्या आहेत. पाणी घालून उबेला ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. संख्या त्यातून कळत नाही. नियम संख्येत बोलतो: आंघोळीच्या नदीपाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कॉलिफॉर्म ५०० असावेत, फार तर २५००. त्यासाठी नमुना बर्फात घालून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. रविवारी हे जमत नाही.

१९ फेब्रुवारी

नाल्याजवळच्या कुप्या सकाळीच काळ्या. पुलाखालच्या दुपारपर्यंत. कोळकेवाडीची अजून पिवळट आहे.

३ मार्च, रविवार

गोवळकोट. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायची मोहीम झाली, जलसंपदा विभाग आणि नाम फाउंडेशनच्या यंत्रांनी ढीगच्या ढीग बाहेर काढले. शहराला त्याची गरज होती, वाद नाही. मला त्याचा खालचा परिणाम बघायचा आहे: पात्र खोल झालं की भरतीचं खारं पाणी तळातून आणखी वर सरकू शकतं. त्यासाठी वजन बांधलेली, दोरीनं बूच निघणारी बाटली केली आहे. तळाशी नेऊन बूच ओढायचं.

वरचं पाणी गोडं, तळातलं खारट. मीटर लावायच्या आधी दादांनी बोट बुडवून चाखलं आणि सांगितलं. चाखू नका म्हणून मी ओरडलो, त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

पाण्यात कोणी उतरायचं नाही, सगळं काम होडीतून. मगरी आहेत, आणि त्या बघायला आता पर्यटकही येतात.

१७ मार्च, रविवार

करंबवण्याला चोवीस तास मुक्काम. शनिवार दुपार ते आज दुपार, ठरावीक वेळानं वरचा आणि तळाचा नमुना. पहाटे ऑक्सिजन पडणार अशी माझी खात्री होती. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री सगळेच वापरतात, त्यामुळे सूर्योदयाआधी तळ गाठला जातो. पुस्तकातलं चित्र.

तसं फारसं झालं नाही. पहाटेचा साका दुपारपेक्षा थोडा फिका, इतकंच. मी वहीत मान घालून बसलो होतो. दादा म्हणाले, “भांगाला येऊन बसलात सायेब. आज अष्टमी. मासा मरतो तो उधानाला, पहाटंच्या सुकतीला.”

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती-ओहोटी, उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी, आणि सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या पोरालाही येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे आज सकाळी सहाला दाभोळात भरती पूर्ण, इथे थोडी उशिरा. समुद्राचं ताजं पाणी नेमकं पहाटे आत येत होतं आणि रात्रीची तूट भरून काढत होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला बाराच्या आसपास भरती, म्हणून पहाटे सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. तेव्हा वरचं आणि बाजूच्या आडखाड्यांतलं सगळं पाणी ओढून खाली आलेलं असतं, आणि वर सूर्यही नसतो.

आता याची दुसरी बाजू बघा. उधाणाच्या दिवशी कचेरीच्या वेळेत, अकरा ते दोनच्या दरम्यान कोणी नमुना घ्यायला आलं, तर त्याला काय मिळेल? पूर्ण भरती, डोक्यावर ऊन. महिन्यातलं सगळ्यात चांगलं पाणी.

२६ मार्च, मंगळवार

पौर्णिमा काल झाली, पण काल धुळवड, होडी मिळणं शक्य नव्हतं. पालखी अजून गावात फिरतेय आणि दादांना दुपारी तिथे हजर राहायचंय, तेव्हा पहाटे चारला निघालो. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस राहतोच.

आज प्रतिपदा. भरती पाऊण वाजता, म्हणजे ओहोटीचा तळ सातच्या आसपास, इथे आणखी मागे. पोहोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. दोन्ही काठांना गाळाचे पट्टे उघडे पडलेले, कांदळांची मुळं वर, निवट्या उड्या मारत. वास होता, पण कसला ते सांगता येणार नाही. सुकतीचा गाळ एरवीही वास मारतो, आणि नाकावर विसंबून अहवाल लिहिता येत नाही.

उजाडायच्या आधीचा तळाचा नमुना: साका इतका फिका की टॉर्चच्या उजेडात पांढरा समजलो. उजेडात पाहिला तर हलका पिवळसर. वरच्या थराचा त्याहून जरा बरा. त्यानंतरचा तसाच. मग सूर्य वर आला आणि त्याच वेळी कडेला बोयी दिसल्या, तोंडं वर काढून पृष्ठभागालगत हवा ओढत होत्या. मेलेला मासा एकही नाही. पण हीच स्थिती अजून तासभर लांबली असती, किंवा याच वेळी वरून आणखी काही सुटलं असतं, तर काय झालं असतं ते मोजायला बाटली लागत नाही.

तिथेच थांबलो. भरती लागली, पाणी फिरलं. साडेबाराला त्याच जागेचा, त्याच खोलीचा साका: गडद तपकिरी. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. पालखीला उशीर होतोय म्हणून दादा घाई करत होते, तरी त्या बाटल्या त्यांनी नीट पाहून घेतल्या. म्हणाले, “ही सकालची दाखवा तेंना.”

दाखवणार. पण त्या बाटलीनं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते आधी.

२७ मार्च

ऑक्सिजन कमी होता, हे झालं. कोणामुळे, हे झालं नाही. उमेदवार तीन. एक, नळातून येणारं औद्योगिक सांडपाणी. दोन, वरून येणारा गावाचा मैला. तीन, खुद्द कांदळवनाचा गाळ, जो कुजणाऱ्या पानांमुळे स्वतःच ऑक्सिजन खातो आणि सुकतीला ते पाणी खाडीत सोडतो. तिसरा उमेदवार सगळेच विसरतात. कारखानदारांच्या वकिलाला मात्र तो कधीतरी आठवेल, त्याआधी आपणच त्याचा निकाल लावलेला बरा.

सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ती चाचणी, का करत नाही, असं एका विद्यार्थ्यानं विचारलं. खाऱ्या पाण्यात तो फसवतो. डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतं आणि आकडा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून क्लोराइड बांधतात, पण ते साधारण २००० मिलिग्रॅमपर्यंत जमतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड १९,००० च्या घरात असतं. त्यामुळे खाडीतल्या सीओडीवर कोणी भांडत असेल तर भांडण बिनबुडाचं आहे. बीओडी, म्हणजे तीच घाण जंतूंना कुजवायला किती ऑक्सिजन लागतो ती चाचणी, चालेल, आपल्याकडच्या पद्धतीनं २७ अंशाला तीन दिवस.

आणि अमोनिया हवाच. एकूण अमोनिया तोच असला तरी त्यातला मुक्त, माशांना मारणारा भाग पीएचवर ठरतो. तीस अंशाला पीएच ७ असताना तो एक टक्क्याच्याही आत, पीएच ८ ला सात-आठ टक्के. नदीत निरुपद्रवी वाटणारं पाणी खाऱ्यात मिसळून पीएच चढल्यावर तसंच राहील असं नाही. गोड्या पाण्याच्या अंदाजावर खाडी तोलू नये ती यासाठी.

१० एप्रिल, बुधवार

अमावास्या सोमवारी झाली, काल पाडवा, आज द्वितीया. उधाण आहे, पहाट आहे. आज दोन होड्या. एक करंबवण्याला, दुसरी एका आडखाडीत, जिच्या वर ना कारखाना ना मोठं गाव. नुसती कांदळं आणि थोडी भातखाचरं.

आडखाडीचा पहाटेचा साकाही फिका निघाला. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराचा हात आहेच. पण करंबवण्याच्या तळाचा त्याहून स्पष्टपणे फिका, आणि तिथलं पाणी सावरायलाही जास्त वेळ लागला. आडखाडी भरती लागल्याबरोबर तपकिरी झाली. मूळची तूट निसर्गाची, तिच्यावर आपण आणखी ओझं टाकतो, असा माझा आजचा अंदाज आहे. एका पहाटेवर तो छातीठोकपणे सांगणार नाही.

१४ एप्रिल, रविवार

जगबुडीच्या फाट्यावर. या नदीला कोयनेचं पाणी मिळत नाही, म्हणून तुलनेला उत्तम. भरतीला मीटर वाशिष्ठीपेक्षा कितीतरी वरपर्यंत खार दाखवत राहिला. वाशिष्ठीत अवजल खाऱ्याला खाली ढकलून धरतं, इथे ढकलणारं कोणी नाही. एकाच खाडीचे दोन हात, एकाला उसनं पाणी, दुसऱ्याला नाही.

दादांचे वडील तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं जिथे काढायचे त्या जागा त्यांनी दाखवल्या. आता ती खालच्या बाजूला सापडतात म्हणाले. कारण अवजल, गाळ, की सांडपाणी, हे आठवणींवरून ठरणार नाही. जागांच्या खुणा नकाशावर करून ठेवल्या.

१२ मे, रविवार

आठवड्यात एका संबंधित कार्यालयात जाऊन आलो. नाव लिहीत नाही, कारण माणूस सरळ होता. नमुने कधी घेता, विचारलं. दिवसा, गाडी मिळेल तशी. जंतूंचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवायचा असतो, त्यामुळे सकाळी निघून दुपारपर्यंत उरकावं लागतं. कारण खरं आहे. मी त्या जागी असतो तर हेच केलं असतं.

तिथी बघून पहाटे चारला या, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा लहान मागणी केली आहे, लेखी: प्रत्येक नमुन्यासमोर घेतल्याची वेळ, त्या वेळी भरती होती की ओहोटी, आणि क्षारता, एवढं छापा. तीन रकाने. स्नानयोग्य खाडीसाठी ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम हवा असा निकष आहे, पण तो कोणत्या घटकेला, हे न सांगता ‘४ पेक्षा जास्त’ लिहिणं म्हणजे रिक्षाचं मीटर बघितलं पण ती कुठून निघाली ते विचारलंच नाही. आधीच्या नमुन्यांच्या वेळा मिळाव्यात म्हणून माहितीच्या अधिकारात अर्जही दिला.

वरून येणाऱ्या पाण्यावर या महिन्यात लक्ष ठेवायचंय. जलवर्ष ३१ मे रोजी संपतं. कोटा संपत आला की सोडणं आखडतं, आणि खाडीला मिळणारी मिसळण नेमकी सगळ्यात गरम दिवसांत कमी होते.

९ जून, रविवार

पाऊस लागला. पुलाखाली पाणी लाल. पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी तबकडी हातभरही खाली जात नाही तोच दिसेनाशी झाली.

पहिल्या लोंढ्याचा नमुना सोडायचा नाही असं ठरलं होतं, कारण आठ महिने रस्त्यांवर, गटारांत, गोठ्यांमागे, आमराईंत साठलेलं सगळं त्यात येतं. रात्री दोनला घेतला. याच लोंढ्याच्या विरुद्ध वलगणीचे मासे अंडी घालायला वर चढतात, आणि याच वेळी टाक्या रिकाम्या करायचा मोह काही जणांना होतो असा गावागावात आरोप आहे. आरोपाला बाटली हवी. या वर्षीच्या बाटल्या आहेत.

१६ जून, रविवार

होडी वर ओढली. जोडनमुन्यांचे प्रयोगशाळेचे निकाल आमच्या थेंबांच्या हिशेबाशी जवळपास जुळले, त्यामुळे वही आता तक्त्यात उतरवायला दिली आहे. अर्जाचं उत्तर आलं: तारखा दिल्या आहेत, वेळा नाहीत. अपील करतोय.

पावसाळ्यानंतरच्या पहाटांची यादी काढली. पहिली १८ ऑक्टोबर, कोजागिरीनंतरची. पुढची २ नोव्हेंबर, पण तो दिवाळीचा पाडवा, दादा नाही म्हणाले. ३ तारखेला भाऊबीज, मुली येणार नाहीत. म्हणून १८ ऑक्टोबर आणि मग १६ नोव्हेंबर. या वेळी करंबवण्याला दोन होड्या, अमोनियाची रसायनं ताजी, आणि कोळकेवाडीखालच्या खांबावर रात्रभर एक माणूस, म्हणजे वरून सुटलेलं पाणी करंबवण्याला किती तासांनी पोहोचतं ते कळेल.

त्या माणसासाठी रेनकोट आणि टॉर्चचे सेल घ्यायचे आहेत.